लाल ठिपक्याच्या पुढं

जिन्यावर भानूताईंच्या चपला वाजल्या, तसा पुंडलिकनं कंप्रेसरचा नॉब झटकन मागं फिरवला आणि लाल ठिपक्यावर आणून ठेवला. मग खुर्ची सरकवून तो उगाच एक वायर गुंडाळत बसला. चोरून लोणी खाल्लेल्या माणसानं ओठ पुसावेत, तसं त्याचं हे गेले सहा महिने चाललं होतं.

"पाणी भरलंस का रे?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"टँकर यायचाय अजून. धाला येतो म्हनलाय."

दोन जिन्यांचा दम खात त्यांनी चौकटीला हात लावला. सुती साडी, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि नखांना लालभडक रंग. जिल्हा परिषदेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी ती पहिली बाटली आणली होती. "पस्तीस वर्षं बोटांना शाईच लागली," त्या म्हणायच्या, "आता जरा रंग लागू दे."

यंत्रावरचा ठिपकाही त्याच रंगाचा. चार वर्षांमागं मुंबईतला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा पुंडलिकनं तिथून हा कंप्रेसर आणला. गारखेड्यापर्यंत तो मांडीवर घेऊनच आला, नवसाच्या लेकरासारखा. जाड पत्र्याची पेटी, तिला दोन नॉब आणि मधे काचेआड एक काटा.

"कंप्रेसर म्हणजे फ्रिजचा ना रे?" ताईंनी विचारलं होतं.

"न्हाय ताई. ह्यो आवाजाचा. लई मोठा आवाज आला की ह्ये दाबतं. मग समदंच जरा वर उचलायचं. म्हंजी तुमी हळू बोललेलं बी रिक्षाच्या भोंग्यातून चौकापतोर जातं."

पहिल्या दिवशी हौसेच्या भरात त्यानं इतकं दाबलं, की ऐकून ताई हसायला लागल्या. "माझ्या आवाजाची भाकरी थापलीस की. जरा फुगू तरी दे." मग दोघांनी मिळून एकेक रेघ मागं येत जागा शोधली. ती चाळीसच्या आकड्यावर सापडली. ताईंनी पर्समधून बाटली काढली आणि त्या आकड्याशेजारी, पत्र्याच्या कपाळावर टिकली लावावी तसा, ठिपका दिला.

"ही माझी जागा. दुसऱ्या कुणासाठी कितीही फिरव. मी आले की इथं."

तेव्हापासून त्या काचेपलीकडच्या लहान खोलीत माईकसमोर बसायच्या आणि बोलताना काट्याकडं बघायच्या. काटा त्यांच्या शब्दाशब्दाला मान डोलवायचा. "घरात एवढं बोलते," त्या म्हणायच्या, "पण मान डोलवणारा हा एकच."

पुंडलिक मूळचा चितेगावचा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून त्यानं ही खोली सुरू केली, तेव्हा इथं कुत्रंही फिरकत नव्हतं. ताई आल्या त्या कॉलनीच्या गणपतीची सूचना वाचायला, आणि मग येतच राहिल्या. मे महिन्यात पत्र्याखाली, पंखा बंद करून, मानेवर ओलं फडकं टाकून त्यांनी पानंच्या पानं वाचली. आवाज कापायला त्याला शिकवलं ते त्यांनीच. तो दोन वाक्यांमधला श्वास कचाकच काढून टाकायचा. त्या म्हणाल्या होत्या, "राहू दे तो. त्यावरून तर कळतं, आत माणूस बसलंय."

शहर तेव्हा चारी दिशांना पाय पसरत होतं आणि पाणी पाय आखडत होतं. सकाळी ताईंचा आवाज पैठण रोडवरच्या प्लॉटांची जाहिरात करायचा, दुपारी शेंद्र्याकडच्या नव्या फ्लॅटांची आणि संध्याकाळी रिक्षावर बसून कोणत्या गल्लीला कधी पाणी, ते सांगत फिरायचा. लातूरला रेल्वेनं पाणी नेण्याचा तो उन्हाळा. त्या दिवसांत लोक घड्याळापेक्षा भानूताईंच्या आवाजाकडं कान लावून असत.

दिवाळीनंतर ताईंना ताप आला. तापातून त्या उठल्या, आवाज मात्र अंथरुणातच राहिला. डॉक्टर म्हणाले, गळ्याची नस अशक्त झालीय, बघू. पुन्हा पहिल्यांदा माईकसमोर बसल्या त्या दिवशी काटा हललाच नाही. ताई वाचत होत्या, काट्याकडं बघत होत्या, आणि काटा परक्या दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा जागच्या जागी होता. दुसऱ्या ओळीला त्यांनी नजर कागदात घातली, ती वर काढलीच नाही.

पुंडलिकनं तेव्हा तळहाताच्या आडून नॉब पन्नासवर नेला. मग काटा हलला. ताईंनी मान वर केली.

पन्नासचे पंचावन्न झाले, मग साठ, मग सत्तर. आवाज ऐकायला ताई बाहेर यायच्या आधी नॉब ठिपक्यावर परत. पण हे यंत्र भोळं. हळू आवाज वर घे म्हटलं, की शेजारपाजारचं सगळंच वर घेतं. कागदाची सळसळ, खुर्चीची कुरकुर, बांगड्यांची किणकिण. सवाष्ण बाईला बांगड्या काढा कसं म्हणायचं? ताई गेल्यावर पुंडलिक बसून तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक किणकिण वेचून काढायचा.

आज ताईंनी बांगड्यांवर रुमाल गुंडाळून गाठ मारली होती.

"ह्ये काय?" त्यानं विचारलं.

"घाम येतो रे हाताला," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चिन्मय आला. कॉलनीच्या पाणी मंडळाचं काम तो बघायचा. शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनियर, दुसऱ्या पाळीला जायच्या आधी टँकरच्या मागं. तो बसला नाही. हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिला.

"ताई, राग मानू नका. काल मंडळात विषय निघाला. मागच्या आठवड्यात रिक्षा तिसऱ्या गल्लीतून गेली, पण आशाबाईंना ऐकूच आलं नाही. टँकर चुकला त्यांचा. आठ दिवस शेजाऱ्यांकडून कळशी कळशी मागून काढले."

पुंडलिकच्या हातातली वायर थांबली. मागच्या आठवड्यात आतला दिवा गेला होता, म्हणून ताई इथंच, त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत नॉब ठिपक्याच्या पुढं न्यायला त्याचा हात धजला नव्हता. आवाज चाळीसवरच घेतला. आत येतानाच तो यंत्रातून येतो. एकदा जसा आला तसा आला, मागून उचलता येत नाही.

"लोकांना तुमचाच आवाज पाहिजे," चिन्मय म्हणत होता, "पण ऐकू तर आला पाहिजे ना. आज मी इथं बसून ऐकतो. बरोबर वाटलं तर सवालच नाही. नाहीतर... सोनियाला विचारून ठेवलंय. ती सूत्रसंचालन करते कॉलेजात."

ताईंनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"बस की," त्या म्हणाल्या. "फक्त मधे बोलू नकोस. तुझ्या मुंजीत माईक माझ्याच हातात होता. तेव्हाही ऐन मंगलाष्टकात भोकाड पसरलं होतंस."

चिन्मय हसला आणि बसला. ताई आत गेल्या. पुंडलिकनं नॉब धरला. चिन्मय शेजारी होता, पण ताई काचेपलीकडं होत्या, आणि त्याला लपवायचं होतं ते त्यांच्यापासून. नॉब सत्तरवर गेला.

माईक तपासायला ताई कधी 'हॅलो, हॅलो' म्हणत नसत. एखादी ओवी म्हणायच्या, आईकडून आलेली नाहीतर तिथंच सुचलेली. आज त्यांनी काट्याकडं बघितलं नाही. काचेतून सरळ पुंडलिककडं बघत म्हटलं,

"पाणी गेलं गं तळाला, माझी घागर रिकामी
शेजीनं जोडला दोर, नाही बोलले कुणा मी"

यंदाच्या दुष्काळावर जोडलेली दिसते, असं पुंडलिकला वाटलं. त्यानं अंगठा वर केला.

"ऐका हो, ऐका. गल्ली क्रमांक एक ते चार. उद्या सकाळी सात वाजता टँकर मारुतीच्या पाराजवळ उभा राहील..."

आवाज भरून येत होता. जवळून, कानाशी कुणी समजावून सांगावं तसा. काटा मान डोलवत होता. चिन्मयनं हेल्मेट खाली ठेवलं, आणि नेमका खाली टँकर आला. ड्रायव्हरनं फाटकाशीच मोटर लावली.

"घरटी दोन ड्रम," ताई म्हणाल्या आणि श्वास घ्यायला थांबल्या. त्या थांबल्या तशी मोटरची घरघर खोलीत उभी राहिली. त्या बोलल्या की बसायची, थांबल्या की पुन्हा उठायची. "म्हाताऱ्यांना आधी." घर्रर्र. "भांडू नका, पाणी पुरेल." घर्रर्र.

"हे मागं काय येतंय?" चिन्मयनं विचारलं. "खाली मोटर तर नेहमीच लागते. आधी कधी असं आलं नाही रेकॉर्डिंगमधे."

पुंडलिकच्या कानामागून घाम ओघळला. खरं कारण त्याच्या बोटाखाली होतं, सत्तरच्या आकड्यावर. ते सांगितलं तर काचेपलीकडं जाणार. आतल्या खोलीशी बोलायचं बटण अजून दाबलेलंच होतं.

"ते... मशीन जरा..."

"चिन्मय," स्पीकरमधून ताई बोलल्या, "टँकरची दवंडी आहे ना? मग मागं टँकर वाजला तर बिघडलं काय? सनईशिवाय लग्नाची वरात असते का?"

चिन्मय मोठ्यानं हसला. "हे बेस्ट आहे. राहू द्या तसंच. पण एकदा भोंग्यावर लावून बघू. तिसऱ्या गल्लीत."

दोघं भोंगा उचलून खाली गेले. चिन्मयच्या ओळखीची रिक्षा उभी होतीच. तिच्यावर भोंगा बांधून ती गल्लीच्या तोंडाशी नेली आणि पुंडलिकनं आवाज सोडला. ऊन पांढरं पडलं होतं, दारं बंद, कूलर कोरडेच फिरत होते. ऐका हो, ऐका. घरटी दोन ड्रम. घर्रर्र. एक दार उघडलं, मग दुसरं. गल्लीच्या पार शेवटच्या घरातून आशाबाई पदर खोचत, दोन हातांत दोन बादल्या घेऊन धावत आल्या.

"कुठंय टँकर? उद्या सातला म्हनल्या न्हवं भानूबाई? मोटर तर आत्ताच वाजतीया."

"उद्याच आहे, काकू," चिन्मय म्हणाला. "पण ऐकू आलं ना?"

"न ऐकू याया मी काय भैरी हाय? आन् रिकामं पळवलंस ते. धर आता ह्या बादल्या, घरापतोर नेऊन दे."

चिन्मयनं बादल्या घेतल्या. जाता जाता मागं वळून म्हणाला, "आवाज तोच आहे, पुंडलिकदादा. सोनियाला मी सांगतो. आज संध्याकाळी हेच लावा."

पुंडलिकनं भोंगा काढून खांद्यावर घेतला. परत येताना त्याला वाटलं, वाटेत भेटेल त्याला सांगावं. काय सांगावं, ते मात्र कळेना. पहिल्या जिन्यावर तो आपल्याशीच हसत होता. दुसऱ्या जिन्यावर त्याचा पाय अडखळला.

नॉब सत्तरवरच राहिला होता. आणि ताई खोलीत एकट्या होत्या.

दोन दोन पायऱ्या टाकत तो वर आला. ताई दारातच पर्सची साखळी ओढत उभ्या होत्या. मनगटावरचा रुमाल सुटला होता, बांगड्या मोकळ्या होत्या.

"गेला का आवाज?"

"गेला. आशाबाई बादल्या घिऊन पळत आल्या. टँकर आला समजून."

ताई हसल्या. भोंग्याशिवायचं, यंत्राशिवायचं हसू ते, ओंजळभर. शेजारी उभ्या माणसालाच कळेल एवढं.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "बरं, निघते. ह्यांना वाढायचंय. गुरुवारी पुन्हा येते, पैठण रोडच्या प्लॉटांचं आहे ना?"

"व्हय. या."

त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. मागं वळल्या नाहीत.

"पुंडलिक, ती खिडकी उघड जरा. वास कोंडलाय आत."

चपलांचा आवाज खालपर्यंत गेला. पुंडलिक आत आला. खोलीत गोडसर, उग्र वास भरला होता. तो खिडकीकडं निघाला, पण अर्ध्यावरूनच यंत्राकडं वळला.

नॉबला कुणी हात लावलेला नव्हता. तो होता तिथंच होता, आणि सत्तरच्या आकड्याशेजारी एक नवा लाल ठिपका होता. ओला.

त्यानं हलकेच बोट टेकवलं. बोटाला रंग लागला. तो पुसायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. खाली फाटकापाशी ताई टँकरवाल्याला काहीतरी विचारत होत्या. शब्द कळत नव्हते, पण बोलण्यातला श्वास त्यानं ओळखला.

चाळीसचा जुना ठिपका आता जरा फिका दिसत होता. पुंडलिकनं नव्या ठिपक्यापासून शंभरच्या आकड्यापर्यंत बोटं टेकवून बघितली. दोन बोटं जागा होती अजून.