मोराचा पल्ला

बापूजी मालगुजारानं पोंभुर्ण्याजवळच्या तलावाच्या पाळीवर खेळमहाल काढला, अन् माह्या घरात सवत आली.

मालगुजारी गेली, पण माज कुठी जाते? चांद्याचे, नागपूरचे शेठ येतील, पत्ते खेळतील, कोंबडे लढवतील, चाळीस खोल्यांत लोळतील, असा त्यांचा बेत. नकाशा बाहेरच्या सायबाचा, सागवान रानातलं, अन् हात आमच्या माणसाचे. खेळाच्या मोठ्या दिवाणखान्याची सारी दारं वारलू मिस्त्रीच करून राह्यला, असं गावभर झालं.

अन् मिस्त्र्याच्या, म्हणजे आमच्याच घराले दार नाई. लगनात कबूल केलं होतं त्यायनं. अजून बांबूची ताटी लावून राह्यलो आमी, कुत्रं डोक्यानं ढकलून आत येते. विचारलं का म्हणत, "खेळमहालाचं होऊ दे." जेवाले बसले तरी तेच. "कमान पाह्यजो, भागीरथा. तिचा खांदा कसा गोल उतरवला मी." जळो तिचा खांदा. भाजी आळणी झाली हे बी त्यायले समजे ना.

चौकट बसवायचा दिवस आला. सवाष्णीच्या हळदीबिगर आमच्याकडं चौकट उभी करत नाईत. मालगुजारीण रुखमाबाई म्हणाली, "जुगाराच्या चौकटीले माही हळद नाई." मग मिस्त्र्याची बायको म्हणून मले बलावलं. सवतीच्या उंबरठ्याले मी हळद लावली, दात खाऊन.

हळद लावणारीले रिकाम्या हातानं धाडत नाईत. बापूजी म्हणाले, "माग बाई. लुगडं घेतं का?"

भिंतीले दाराचा एक पल्ला टेकवला होता, वरच्या अंगाले मोर कोरलेला. त्या मोरापायी आमचा माणूस चार महिने माह्याशी धड बोलला नवता. म्हटलं, "हा द्या मालक."

चौकटीपुढं सवाष्णीले नाई म्हणता येत नाई. बापूजींचं तोंड कडू झालं, पण दिला.

घरी आणला तर घराहून पल्लाच उंच. म्हटलं, "कापा वरून."

ते मोरावर हात ठेवून बसले. "याले करवत नाई लावत मी. पुढच्या साली भिंत उंच करू."

मीच मोठी करवत आणली, मोराच्या मानेवर ठेवली. "दुसरं टोक धरा."

ते उठले. मग धरलं, तोंड फिरवून. डोळे भरले होते त्यायचे. आमची तान्ही पोर तापानं गेली तवा नवते भरले. मी करवत ओढत राह्यली.