बॉलवरची दुसरी रेघ

ड्रिलवाल्याने बोलिंगचा नवा बॉल टेबलावरच्या रबरी कड्यावर बसवला, फडक्याने पुसला आणि पांढऱ्या पेन्सिलीला टोक काढत विचारलं,

"बोला मास्तर, शहाणा की खोडकर?"

निळ्याशार बॉलवर एक लाल ठिपका होता. आतल्या जड गाभ्याचं टोक नेमकं त्याच्याखाली येतं. बोटांची भोकं ठिपक्यापासून किती लांब पाडायची, यावर बॉलचा स्वभाव ठरतो. एका आखणीत तो नाकासमोर जातो. दुसरीत साळसूदपणे निघतो आणि पिनांच्या तोंडाशी पोचल्यावर अचानक वळतो. मास्तरांनी उभ्या जन्मात शहाणा बॉल टाकला नव्हता.

"शहाणा," मास्तर म्हणाले. "वय झालं. अंगठा वेळेवर सुटत नाही."

त्यांनी हे हसत सांगितलं, पण कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बायकोला हसू आलं नाही. गेले तीन महिने मास्तर खेळून आले की अंगठा कोमट पाण्यात बुडवून त्याच्याकडे परक्यासारखं बघत. आजचा हा शहाणा बॉल म्हणजे निरोपाची तयारी, हे तिला कळत होतं.

भिंतीपलीकडून बॉल घरंगळत गेल्याची घरघर आली. वरच्या झरोक्यातून पडलेल्या उन्हात ड्रिलचा भुसा तरंगत होता. त्याच्याकडे बघता बघता तिचे डोळे जड झाले आणि ती मनाने आपल्या चोरट्या सकाळींत जाऊन पोचली.

मास्तर घरी मुलांना भूगोल शिकवत, तेव्हा ती पिशवी घेऊन भाजीला निघे आणि आधी इथे येई. लॉकरमधून त्यांचा जुना काळा बॉल काढी आणि डाव्या हाताने टाकी. बॉल टाकायच्या सगळ्या लांब पट्ट्या तेव्हा रिकाम्या. बॉल पाण्यावरून गेल्यासारखा जाई, आता वळणारच नाही असं वाटे, आणि मग तो वळे. घरी परतताना रस्ता पायांखाली नसल्यासारखा वाटे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर तिला अजून कांदा कसा चिरावा ते शिकवत. बॉलचं कळलं असतं तर तोही शिकवायला बसले असते, मग संपलंच सगळं.

"मास्तर, डाव्या हाताने पण टाकता का?"

ती दचकली. आखणीच्या मापासाठी ड्रिलवाल्याने जुना बॉल उजेडात धरला होता.

"उजव्याने धड जमेना, आणि डाव्याने?"

"बॉल जिथे टेकून फिरतो तिथे झिजतो. ही तुमची रेघ. मग अंगठ्याच्या पलीकडे ही दुसरी कुणाची?"

त्याने अंगठ्याच्या भोकात बोट घालून चाचपलं. मग चिमट्याने आतून काळ्या टेपची एक पट्टी सोलून काढली.

"ही तुम्ही लावलीत?"

"मी कशाला लावू? असेल कधीची तरी. एवढ्याशा पट्टीने काय होतंय? पाड तू, शहाणाच पाड."

तिने पट्टी ओळखली. तिचा अंगठा बारीक, म्हणून भोक घट्ट करायला ती आत टेप लावी आणि निघताना काढून टाकी. ही एक राहून गेली होती. ड्रिलवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून नव्या बॉलवर पहिली फुली मारली. ती मूग गिळून बसली असती तरी चाललं असतं.

"थांबा," ती म्हणाली. "अहो, ती पट्टी माझी आहे. रेघ पण."

मास्तर तिच्याकडे वळले.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. टेप तीन महिन्यांपूर्वी लावायला लागले." ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्याला काही झालेलं नाही हो. ही एक काढायची राहिली, म्हणून तो अडकत होता. मीच वेंधळी."

मास्तरांनी जुना बॉल उचलला, अंगठा आत घातला, हात हलकेच झुलवला. अंगठा आवाज न करता बाहेर आला. त्यांनी पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग बॉल पोटाशी धरून खाली बसले.

"वळतो का तुझा?" त्यांनी विचारलं.

"शेवटी शेवटी."

त्यांनी नवा बॉल तळहाताने तिच्या दिशेने सरकवला.

"हिचं माप घे रे. मला माझा आहे."

ड्रिलवाल्याने पहिली फुली पुसली. तिने डावा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरली. भिंतीपलीकडे एक बॉल लांबवर चालला होता.

"काकू, शहाणा की खोडकर?"

सांगायला म्हणून मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"खोडकर," ती म्हणाली.