वाऱ्याच्या वाटेवरचं वाळवण

टेकडीवरच्या प्रसूतिगृहाच्या गच्चीच्या कठड्यावरून विमलाने लाल फडकं हलवलं, आणि खाली मिरकरवाड्यात मासळी सुकवायच्या वाळवणावर तिच्या आईने ओल्या सोडणांच्या ढिगात निखारे ओतले. नारळाच्या सोडणांचा दाट, पिवळट धूर आधी सुकत घातलेल्या बोंबलांखालून सरपटला, होड्यांशी अडखळला, फाटला, पुन्हा एक झाला. डावीकडे जा, विमला मनातल्या मनात म्हणत होती. खाडीकडे वळ.

धूर वळला नाही. समुद्रावरच्या वाऱ्याने त्याला टेकडीच्या उतारावरून सरळ वर आणलं. प्रसूतिगृहाच्या खिडक्या धडाधड लागल्या. आतून कुणी बाळंतीण खोकत म्हणाली, “ह्याच वाटेनं येतो तो वास. रोज.”

पंच्याऐंशीचा जानेवारी होता. भोपाळच्या बातम्या ताज्या होत्या, आणि हवेतून काय येईल याची धास्ती लोकांच्या मनात बसली होती. प्रसूतिगृहाच्या विश्वस्तांनी तक्रार केली: खालून येणाऱ्या घाणीने बाळांना त्रास होतो, वाळवण हलवा. बायका म्हणाल्या, वास आमचा नाही, बर्फाच्या कारखान्यामागच्या गटाराचा आहे. मग नगरपालिकेची समिती बसली आणि वास नेमका कुठून येतो ते मोजायचं काम कॉलेजकडे आलं. विमला तिथे पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर. खारव्यांच्या आळीतून पुण्याला जाऊन एम.एस्सी. झालेली पहिलीच, आणि तिचा अभ्यासही नेमका धुराड्यांचा धूर हवेत कसा पसरतो याचा.

“आपलीच पोर मोजणार हाय,” शेजारच्या गोदा मावशीने सगळ्यांना सांगितलं. “आता कसली भीती?”

गच्चीवरच्या खांबाला विमलाने वाऱ्याचा वेग मोजणारी वाट्यांची फिरकी आणि दिशा दाखवणारा वातकुक्कुट बांधला, तेव्हा गोदा मुद्दाम बघायला आली होती.

“ह्या यंत्राला आमचा वास कळतो गो?”

“वास नाही कळत, मावशी. वारा कुठून येतो, किती जोराचा, किती हेलकावतो, तेवढंच. पण त्यावरून हिशेब मांडता येतो. गच्चीवरची हवा गच्चीखालची नसते. वारा येतो त्या बाजूच्या जमिनीच्या एका लांबट पट्ट्यावरून ती आलेली असते. तो पट्टा काढायचा.”

“आनि आम्ही त्या पट्ट्यात?”

“ते अजून बघायचंय.”

ती बघत राहिली. एकदा बघून भागलं असतं, पण ती पुन्हा पुन्हा गच्चीवर गेली. कॉलेजात प्रयोग घेताना तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या माडांकडे असे. झावळ्या जरा वेगळ्या हलल्या की तिला वाटे, आज उत्तर बदलेल. उन्हात हवा उसळायची, पट्टा आखूड आणि रुंद व्हायचा. ऊन उतरलं की हेलकावे निवायचे, पट्टा अरुंद होऊन लांब समुद्राकडे जायचा, वासही विरळ होत नसे. कागदावर तो सारखा हलत होता, पण वाळवण काही त्याच्याबाहेर पडत नव्हतं. एकाच संध्याकाळी वारा अचानक फिरला, आणि पट्टा गटारावर पडला.

विभागप्रमुख लिमयेसरांनी सगळे कागद चाळले आणि तेवढाच एक बाजूला काढला.

“समितीला एवढाच द्या. आकडे खरेच आहेत ना?”

“आहेत, सर. पण एकाच दिवसाचे.”

“समितीत कुणाला कळणार आहे? तुमच्या आईचं वाळवण आहे, विमलाताई. मी काही बोलणार नाही.”

ते चांगल्या मनाने बोलत होते. म्हणून तिला आणखीच अस्वस्थ वाटलं.

घरी तिची आई काशी चुलीपुढे भाकरी थापत होती. विमला आत-बाहेर करत राहिली.

“बस की गो एका जागी,” काशी म्हणाली. मग मान वर न करता, “धूर वर गेला. मी बघितलाय. मीच पेटवला ना.”

“आये, गटार बुजवलं तरी वास राहणारच. मग परत तुमच्यावरच येतील.”

“येतील तेव्हा येतील. तोवर ह्या बायका चार घास खातील. तू लिवला नाय तर तो नुस्ता धूर हाय. तू लिवलंस की वाळवण संपलंच.”

विमलाने त्या एका दिवसाचा कागद घेऊन लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या, आणि पुढे हात चालेना. समोर धुराने भरलेली ती खिडकी येत होती, आणि आईचे निखारे ओतणारे हातही. शेवटी तिने सगळे दिवस लिहिले. खाली आपल्या मनाने एक पान जोडलं: बायकांना दुसरी जागा द्यावी, तिथे पाणी आणि सावली असावी.

जागा मिळाली, गावाबाहेर उघड्या, खडकाळ सड्यावर. पाणी नाही, सावली नाही. जोडलेल्या पानाचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. टेकडीवरचा वास मात्र गेला. गोदाने विमलाशी बोलणं टाकलं. काशी बोलत असे, पण जेवायला वाढण्यापुरतं.

हिवाळा सरता सरता एका सकाळी विमला आईच्या मागोमाग सड्याकडे जाणाऱ्या एस.टी.त चढली. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका सवयीने मागच्या बाकांवर गेल्या. कंडक्टरने विमलाची इस्त्रीची साडी पाहिली.

“बाई, तुम्ही पुढं बसा. मागं मासळी आहे.”

“पुढं जा,” काशीही म्हणाली.

विमला मागे गेली आणि आईच्या शेजारी बसली. गोदा खिडकीबाहेर पाहू लागली. गाडी हलली. टोपली दोघींच्या मधोमध होती, तिच्यातून ओलं मिठाचं पाणी ठिबकत होतं. काशीने एकदा लेकीच्या साडीकडे पाहिलं, आणि टोपली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.