कॉफी प्यायला वेळ

गुन्वोरने तिसऱ्यांदा ते वाक्य खोडलं, खुर्ची मागे सारून खिडकी उघडली आणि लगेच बंद केली. योतेबोरी शहरातल्या स्वीडिश शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, पण कुठल्याच क्रियापदाने असा छळ केला नव्हता. रूप तरी केवढंसं: ‘हन्न’. हाताशी वेळ होता आणि त्या वेळात गोष्ट झाली, एवढं सगळं त्यात मावतं. अर्थ लिहून झाला होता, घोडं अडलं होतं उदाहरणाच्या वाक्यापाशी. ‘तिला बस गाठता आली’ खोडलं. ‘त्यांना निरोप घेता आला’ तर रागानेच खोडलं.

सकाळी भाच्याचा फोन आला होता.

“मावशी, आईचे फार दिवस राहिले नाहीत. येतेस?”

“एवढी नोंद हातावेगळी करते,” ती म्हणाली होती.

आईवडिलांचं बेटावरचं उन्हाळी घर गुन्वोर आणि मायब्रित या दोघी बहिणींचं. कुठला आठवडा कुणाचा, याची यादी दारामागे लावलेली. अकरा वर्षांपूर्वी मायब्रितने लागोपाठ दुसऱ्यांदा मिडसमरचा, जूनमधल्या मोठ्या सणाचा, आठवडा लाटला आणि बोलणं तुटलं. तेव्हापासून फक्त फ्रिजवरच्या चिठ्ठ्या: ‘चाळणी जागेवर ठेवावी.’

तीन वाजता शेजारच्या टेबलावरचा होकान दारात आला.

“कॉफी! आणि आज केकची पाळी तुझी होती, विसरलीस ना?”

“मला वेळ नाही.”

“एका शब्दाला चार दिवस! अगं, तो काय पळून जातोय?”

“तो नाही,” गुन्वोर म्हणाली आणि तिने कोट उचलला.

मायब्रित इस्पितळाच्या पलंगावर एवढीशी झाली होती.

“नोंद झाली?”

“नाही.”

“बरं झालं. बस. हात हलवत आलीस?”

गुन्वोरने पिशवीतून दालचिनीचे बन काढले. नर्सने कॉफी आणून दिली. मायब्रितला दोन घोटच गेले, तेही चमच्याने.

“यंदा मिडसमर तू घे,” ती म्हणाली.

“गप पी.” गुन्वोरला स्वतःची फार लाज वाटली.

“आणि चाळणी माझ्याकडेच आहे.”

दोघी हसल्या. मायब्रितला खोकला आला, तरी ती हसतच होती.

ती गुरुवारी गेली. पुढच्या शुक्रवारी गुन्वोर कामावर आली आणि बसल्या बसल्या वाक्य लिहून मोकळी झाली. होकानने मागून वाचलं.

“‘आम्हाला कॉफी प्यायला वेळ मिळाला.’ आम्हाला म्हणजे कुणाला? वाचणाऱ्याला कसं कळणार?”

“नाही कळलं तरी चालेल,” गुन्वोर म्हणाली आणि केक कापायला उठली.