जोडीदाराचं नाक

त्या घरात बावीस पुरुष राहायचे, सगळे दारू सोडायला आलेले. सकाळी चहाआधी प्रत्येकाने आपल्या जोडीदारापुढे तोंड उघडायचं. जोडीदाराने वास घ्यायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "साफ." मगच कप हातात. फुंकायचं यंत्र होतं पूर्वी, पण या बहाद्दरांनीच बैठक घेऊन ते हलवायला लावलं. इथे माणसाचा शब्द चालला पाहिजे, असं त्या बैठकीत सगळ्यांत तावातावाने कोण बोललं असेल? आपला सुतार. घ्या, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

त्याचा जोडीदार म्हणजे ड्रायव्हरकाका. साठी उलटलेली, बायको गेलेली, मुलं फोन उचलत नसत. पहिल्या महिन्यात सुताराचे हात थरथरायचे तेव्हा काकांनीच त्याला चमच्याने भरवलं. सुताराला बाप आठवतच नव्हता. त्याने यांनाच बाप मानलं.

शिवाय सुताराच्या अंगाला कायम पॉलिशचा वास, म्हणजे स्पिरिटचाच. तोंडाचा कुठला आणि सदऱ्याचा कुठला, हे बाकी कुणाला उमगत नसे. काकांना बरोबर उमगायचं.

रविवारी त्याला घरी जायचं होतं, तब्बल वर्षाने. बायकोची अट एकच होती. "शेवटच्या सकाळी मी येणार आणि माझ्या कानांनी ऐकणार. मग चला घरी." मुलीसाठी केलेल्या टेबलावर पॉलिशचा शेवटचा हात मारून सुतार रांगेत उभा राहिला. बायको दाराशी, मुलगी तिच्या मागे.

काकांनी वास घेतला. परत घेतला. मग खाली बघत म्हणाले, "येतोय."

"काका! चेष्टा करू नका हो," सुतार हसला.

"येतोय म्हटलं ना."

वॉर्डन पुढे झाले, त्यांनी सुताराला हुंगलं आणि नाक मुरडलं. स्पिरिट तर दरवळतच होतं! सुतार कळवळून सांगत सुटला, पॉलिशचा आहे, टेबल बघा, मुलीची शपथ घेतो. बायको म्हणाली, "शपथा पाठ झाल्यात मला तुमच्या." पोरीचा हात धरून ती निघूनही गेली. ती रडलीसुद्धा नाही, आणि तेच सुताराच्या फार जिव्हारी लागलं.

दुपारी त्याने काकांना खोलीत गाठलं. "का केलंत?"

काका सतरंजीचे दोरे उपसू लागले. "तू गेलास तर सकाळी माझं तोंड कोण हुंगणार? दुसऱ्या कुणालाही मी सहज फसवीन. मी आठवड्यात परत पिईन, मला माहीत आहे. थोडे दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

"माझा संसार बिघडला, काका! तुमच्या हातचं खाल्लं मी. अहो, शत्रूसुद्धा समोरून वार करतो!" सुताराचा आवाज फाटला. त्याला त्यांचं मनगट पिरगळावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. बायकोला फोन लावला आणि त्यांच्या पुढे धरला. "खरं सांगा तिला. सगळं."

काकांनी सांगितलं, अगदी शब्द न् शब्द. मी खोटं बोललो, तो साफ होता, वॉर्डनलाही सांगतो, मला हाकललं तरी चालेल. बोलता बोलता म्हातारा हुंदके देऊ लागला.

 पलीकडून ती अगदी मायेने बोलली. "काका, फार चांगले आहात तुम्ही. त्यांच्यासाठी एवढं खोटं बोलताय, रडताय. आजवर त्यांच्या मित्रांनी केले असे फोन, त्यांच्या सख्ख्या भावानेही केला. पण तुमच्याइतकं खरं कुणाचंच वाटलं नाही."