माझ्या पोटातलं गाढव

मी एक जुनी प्रश्नमंजुषा आहे. कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरमधली. स्लाइडवर एक प्रश्न, खाली चार बटणं, बरोबर बटण दाबलं की शाबासकी. मित्रांनो, अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारते. नाहीतर मैत्री करावी अशी माणसं मला भेटली तरी किती? एक डेल्फिन टीचर आणि एक प्रिन्सी. बाकी सगळा आनंदीआनंद!

मला घडवलं डेल्फिन टीचरनी. वसईतल्या एका मराठी शाळेत त्या पाचवीला शिकवायच्या, राहायला जवळच्याच वटार गावात. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्या की केळीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसायच्या. त्यांचा नवरा एरॉल कुरकुरायचा, "अगं, आज तरी शाळेला सुट्टी दे. काय चाललंय?"

"बटणाला वागायला शिकवतेय," टीचर म्हणायच्या.

खरंच होतं ते. स्लाइड काय, कुणीही रंगवतो. मेहनत असते बटणामागे. हे बटण दाबलं तर शाबासकी दे, ते दाबलं तर पुन्हा प्रश्नाकडे ने, अशा सूचना टीचरनी प्रत्येक बटणामागे ओळीओळीने लिहिल्या. त्याला कोड म्हणतात. उत्तर चुकलं तर मी भोंगा वाजवायची नाही. टीचरनी स्वतःचा आवाज माझ्यात भरला होता. "परत बघ. घाई नाही," एवढंच मी म्हणायची.

हे सगळं प्रिन्सीपायी. प्रिन्सी पाचूबंदरची. बाप होडीवर, आई लुईझा बाजारात मासळी विकते. वर्गात ही एकदा 'पानी' म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला. जसे काही ते सगळे पोटातूनच शुद्ध बोलत आले होते! तेव्हापासून पोर मूग गिळून बसली. उत्तर यायचं, पण हात वर होत नव्हता. "ही मुलगी बोलली पाहिजे," असं टीचर येताजाता म्हणायच्या. माझ्यासमोर मात्र ती बिनधास्त बसायची. चुकली की मी म्हणायची, परत बघ. ती परत बघायची. वर्ष सरता सरता ती माझी उत्तरं मोठ्याने वाचायला लागली. पुढच्या वर्षी वर्गातही बोलेल, अशी टीचरना आशा होती.

मग टीचर निवृत्त झाल्या आणि मी सहावीच्या हिलरी सरांच्या तावडीत सापडले.

काय सांगू या माणसाचं! माझ्या कोडची एक ओळ त्याने वाचली नाही. पहिल्या स्लाइडवरून टीचरचं नाव उडवलं आणि स्वतःचा गॉगल घातलेला फोटो चिकटवला. अक्षरं गिरक्या घेत येऊ लागली. इथपर्यंत मी सोसलं. पण त्याने टीचरचा आवाज पुसला आणि तिथे गाढवाचं ओरडणं घातलं. म्हणे, "मुलांना मजा येते." कुणाला मजा? ज्याचं चुकत नाही त्याला! सहावीतली प्रिन्सी ते पहिल्यांदा ऐकून उठली, ती पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही. तिचं तोंड पुन्हा बंद झालं.

स्नेहसंमेलन आलं. पाहुण्यांपुढे टेंभा मिरवायचा म्हणून सरांनी माझे प्रश्न बदलले. बदलले म्हणजे काय, जुनी अक्षरं खोडली आणि वर नवी लिहिली. बटणामागच्या सूचना जिथल्या तिथे. दारावरची पाटी बदलली म्हणून घरातली माणसं बदलतात का? जिथे तिसऱ्या बटणामागे शाबासकी होती, तिथे ती तिसऱ्यामागेच राहिली. एकदा चालवून तरी बघायचं! पण तेवढा वेळ गॉगल पुसण्यात गेला असावा.

हॉल भरला. मुख्याध्यापिका यशोदाबाई पुढे, प्रिन्सीची आई लुईझा मागच्या रांगेत. सरांनी माइक धरला. "प्रिन्सी, ये. माशाचा प्रश्न आहे. तू तर पाचूबंदरची!"

मासा श्वास कशाने घेतो? कल्ले, पर, शेपटी, खवले. प्रिन्सीने क्षणभरही विचार केला नाही. पहिलं बटण दाबलं, कल्ले.

आणि माझ्या पोटातलं गाढव ओरडलं.

हॉल हसला. सर सगळ्यांत जास्त. "कोळ्याची पोर आणि माशाचं माहीत नाही!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटर थोडाच चुकतो?" वा रे शहाणे! जन्मभर मासे खाल्लेली माणसं ही, पण पडद्यावर काही दिसलं की यांची अक्कल गहाण पडते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बरोबर होती आणि तिला चूक म्हणणारं तोंड माझं होतं.

"जा, बस जागेवर," सर म्हणाले.

प्रिन्सी खाली मान घालून वळली. मला वाटलं, संपलं. ही पोर आता कुणासमोर बोलायची नाही. पण ती पायरीपाशी थांबली.

"सर, परत बघा," ती म्हणाली. "घाई नाय."

"काय?"

"मासा कल्ल्यांनीच श्वास घेतो. पानी तोंडातनं आत जातं, कल्ल्यांतनं बाहेर येतं. पायजे तर माझ्या आईला विचारा."

भर हॉलमध्ये ती 'पानी' म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

"सर, बाकीची बटणं दाबा बघू," यशोदाबाई म्हणाल्या.

सरांनी 'पर' दाबलं. गाढव. 'शेपटी' दाबलं, आणि टाळ्या, फटाके, वर गॉगलवाला फोटो आणि गिरक्या घेत आलेलं 'शाब्बास!' मागच्या रांगेत लुईझा जी हसत सुटली, ती काही केल्या थांबेना. मग सगळा हॉल हसला.

"फाइल जुनी आहे," सर पुटपुटले. "व्हायरस असेल." म्हणजे दोषी मीच! दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डिलीट केलं. तेही धड जमलं नाही. कॉम्प्युटरच्या कचरापेटीत मी अजून पडून आहे. ती रिकामी करावी लागते, हे सरांना ठाऊक नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही; तुमच्या जपण्याचे नमुने मी पाहिलेत. एवढंच करा. बटणामागे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुठल्या पोराला चूक ठरवू नका. तेवढाही कंटाळा असेल, तर निदान ते गाढव काढा.

कॉम्प्युटर सहावीच्या वर्गातच ठेवलाय, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. काल भावेशचं गणित फळ्यावर चुकलं. पोरं खिदळणार, तेवढ्यात एक आवाज आला, "परत बघ. घाई नाय." प्रिन्सीचा आवाज, चांगला खणखणीत. मला आता कुणी कचऱ्यातून बाहेर काढलं नाही तरी चालेल.