पाटीची पाठ

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की शब्द ऐकू येतात, पण सांगणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, आणि आजच्या गोष्टीत श्वास बराच वेळ अडकून राहणार आहे. गोष्ट एका पाट्या रंगवणाऱ्याची, त्याच्या थोरल्या बहिणीची आणि एका पुठ्ठ्याची. तो पुठ्ठा मागच्या बाजूने कोरा निघाला, आणि एका भल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली.

सकाळचे साडेआठ. पेंटर आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये केर काढत होता. ताई येणार होती, तीन वर्षांनी. तिला टर्पेंटाइनच्या वासाने शिंका येत, म्हणून चिंध्या, रिकामे डबे, जुने साचे असं सगळं बाहेर नेणं चाललं होतं. तेवढ्यात मोठ्या बाणाचा साचा हाताला लागला. पुठ्ठ्यात कापलेला बाण, कडेने पांढऱ्या रंगाचे थर. त्याने सहज उलटून पाहिला. मागची बाजू लख्ख कोरी.

पेंटरने साचा दारातल्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. कोरीच.

यातली मेख सांगतो. दोन्ही अंगांनी वाचायच्या पाटीवर एकीकडे बाण उजवा असला तर दुसरीकडे तो डावा काढावा लागतो. वाट काही जागची हलत नाही, फिरतो तो बघणारा. त्यासाठी पाटी पालथी केली की साचाही पालथा करायचा. मग साच्याच्या दोन्ही बाजूंना रंग लागतो. शेडमधले बाकीचे साचे दोन्हीकडून माखलेले होते. हा एकच, चौफुल्यावरच्या मोठ्या पाटीसाठी मुद्दाम वेगळा कापलेला, एका अंगाने कोरा होता. म्हणजे पाटी उलटली, साचा उलटलाच नाही. पाठीवरचा बाण उलट्या दिशेला गेला होता. आणि ताई पाठीच्याच बाजूने येणार होती.

त्या दिशेला काय होतं? उतार, आणि उताराच्या तळाशी हमरस्ता.

त्याच हमरस्त्यावर तीन वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले. एका ट्रकने स्कूटरला नुसता धक्का दिला, तेवढा पुरला. तेव्हापासून ट्रकचा भोंगा ऐकला की ताईचे हात लाकडासारखे ताठ होत. दोन गावांमध्ये दुसरा रस्ता नव्हता, बसही तिथूनच जायची. त्यामुळे भाऊबहिणीची भेट फोनवर आली. सख्खी बहीण अठरा किलोमीटरवर, पण सात समुद्रांपलीकडे असल्यासारखी.

मग नगरपालिकेला सुबुद्धी झाली. ओढ्याकाठची पायवाट, फळबागांमधले गाडीरस्ते, बंद पडलेल्या रेल्वेचा भराव हे सगळं जोडून सायकलींसाठी एक रस्ता केला. तोंडाशी खांब रोवले, मोटारींना मज्जाव. कुणीतरी म्हणालं, पाट्या छापील नकोत, हाताने रंगवून घेऊ. छापील फलकांनी पेंटरचं काम केव्हाच खाल्लं होतं. हल्ली तो लोकांच्या दारावर 'कुत्र्यापासून सावध' एवढंच लिहीत असे, तेही कुत्रा नसलेल्यांच्या. त्याला एकदम बावीस पाट्या मिळाल्या. त्याने त्या अशा रंगवल्या, की एकेका वेलांटीवर हात फिरवावासा वाटे.

आणि रस्ता खुला झाला तसा त्याने ताईला फोन केला.

"ताई, आता ये गं. वाटेत एक गाडी लागायची नाही. सायकल काढ. कुणाला विचारूसुद्धा नकोस, फक्त माझे बाण बघत ये."

"तुझे बाण? अरे, सातवीपर्यंत चपला उलट्या पायांत घालायचास तू!"

"पाट्या साहेबांनी पास केल्यात म्हटलं."

"बरं बाबा. तुझ्या भरवशावर येते."

भरवसा! पेंटरला आता तो एकच शब्द ऐकू येत होता. त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. सायकलवर फोन उचलायचा नाही हा ताईचा नेम. शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेलेला, तिचे नेम दोऱ्यासारखे सरळ. सातला निघते म्हणाली होती.

त्याने निळ्या आणि पांढऱ्या रंगाचे डबे पिशवीत टाकले, ब्रश दातांत धरला आणि सायकल दामटली.

मंडळी, त्या वाटेने स्वतः पेंटर कधी गेलाच नव्हता. पाट्या रोवल्या पालिकेच्या माणसांनी. आज पहिल्यांदा तो आपल्याच बाणांमागून चालला होता. ओढा सावकाश वाहत होता. पेरूच्या बागेतून वाट गेली तिथे चाकाखाली पानं कुरकुरली. समोरून एक म्हातारं जोडपं आलं, शेजारी शेजारी, गप्पा मारत. रस्त्यावर शेजारी शेजारी सायकल चालवण्याची चैन जगात किती जणांना मिळते? बाई हसून म्हणाली, "सावकाश जा हो, इथे कुणी मागे लागत नाही." पेंटरच्या मागे त्याचा पुठ्ठा लागला होता. दर पाटीपाशी तो मान वळवून तिची पाठ बघे. बरोबर. ही बरोबर. हीपण बरोबर. दर बरोबर पाटीगणिक तो पेडल आणखी जोरात मारत होता. देवा, एकवीस बरोबर दिल्यास, त्यातली एखादी चुकवायची होतीस, ती तेवढी नको होती.

भरावाच्या टोकाला झाडी संपली आणि चौफुला आला. खाली हमरस्त्यावर ट्रक गुरगुरत होते. पाटी उभी होती, निळीशार. पाटीखाली एक लाकडी स्टूल, स्टुलावर ताई. हातात थर्मासच्या झाकणात चहा. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक काटकुळा म्हातारा.

पेंटरने सायकल सोडून दिली, ती आडवी झाली. 'ऊं ऊं' करत तो तिच्याकडे धावला.

"तोंडातला ब्रश काढ आधी," ताई म्हणाली.

"ताई... तू... उजवीकडे..."

"वळले की! तू म्हणाला होतास ना, कुणाला विचारू नकोस? नाही विचारलं. उतार लागला, वाटलं, वा! आणि खालून भोंगा आला. हात असे झाले बघ, ब्रेक धरता येईना. तेवढ्यात यांनी शिट्टी मारली."

"सिंगल," म्हातारा म्हणाला. "सिंगल म्हणजे थांबा. एकतीस वर्षं कंडक्टर होतो मी, पेंटर. माझ्या शिट्टीला ड्रायव्हर थांबायचा, तिथे बाईंची काय कथा?"

"आपोआप पाय टेकले रे," ताई म्हणाली. "हात नाही ऐकले, पण पायांनी ऐकलं."

देव कुठल्या रूपात येईल याचा नेम नाही, मंडळी. कधी कधी तो कुणाच्या गळ्यात शिट्टी होऊन लटकलेला असतो.

पेंटर तिच्या पायांशी बसला. "भरवशाच्या म्हशीला टोणगा झालो गं मी."

"टोणगा खराच. पण चूक मुळात माझी," ताई म्हणाली. "डावं-उजवं तुला शिकवलं कुणी? मीच. तुझ्यासमोर तोंड करून उभी राहायचे आणि हात वर करून म्हणायचे, 'हा उजवा!' तू समोरचा हात उचलायचास. माझा उजवा तो तुझा डावा. आज इथे बसल्या बसल्या उमगलं. पन्नास वर्षांनी!"

आणि ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसू लागली. पेंटरचा सकाळपासून अडकलेला श्वास तेव्हा कुठे सुटला.

मग त्याला सुचलं. "काका, तुम्ही इथे आज कसे?"

"आज? एकोणीस दिवस झाले. समोरचं घर माझं. पहिल्याच दिवशी दोघं जण चुकून खाली गेले, तेव्हापासून स्टूल टाकून बसतो. 'डावीकडे चला, डावीकडे!' सकाळ-संध्याकाळ. बाई मात्र तेही न ऐकता वळल्या."

"अहो, मग पालिकेला कळवायचं होतं."

"कळवलं असतं तर पाटी उपटून नेली असती आणि छापील आणून लावली असती." कंडक्टरने पाटीकडे पाहिलं. "फडकं बांधणार होतो. पण अक्षर झाकलं जात होतं. असं अक्षर आता कोण काढतं?" मग हळूच म्हणाला, "आणि खरं सांगू? ही गेल्यापासून घरात भिंतींशी बोलत होतो. इथे रोज पंधरा-वीस माणसं थांबतात. कुठून आलात, कुठे निघालात... बरं वाटतं."

कंडक्टरने स्टूल धरलं, पेंटर वर चढला. बाणाची दांडी तशीच ठेवली. उजवीकडचं टोक निळ्याने बुजवलं, डावीकडे पांढरं टोक काढलं. दहा मिनिटांचं काम. खाली उतरून तिघांनी पाहिलं. बाण आता भरावाकडे, ओढ्याच्या वाटेकडे बोट दाखवत होता.

"झालं," कंडक्टर म्हणाला. थर्मासचं झाकण लावलं, स्टूल काखेत मारलं. "चला, आमची ड्यूटी संपली." आणि घराकडे निघाला, गाडी डेपोत लावून निघावा तसा, ताठ. मागे वळून पाहिलं नाही.

ताईने भावाला कोपराने ढोसलं. "बघत काय बसलास?"

"काका!" पेंटर ओरडला. "स्टूल आणा परत. काम राहिलंय."

तो पुन्हा चढला. पाटीच्या तळाशी बोटभर जागा होती, तिथे बारीक, रेखीव अक्षरात त्याने लिहिलं, 'चौकशी येथे करावी', आणि खाली, स्टुलाच्या जागेकडे रोखलेला एक छोटा बाण. मग फिरून दुसऱ्या बाजूलाही तेच. खाली दाखवणारा बाण दोन्हीकडून सारखाच असतो. त्यात चूक करायला टोणग्यालाही जागा नाही.

कंडक्टरने ते दोनदा वाचलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. स्टूल बाणाखाली ठेवून त्यावर बसला, आणि शिट्टी तोंडाला लावून दोनदा फुंकली. डबल. म्हणजे, जाऊ द्या.

भाऊबहीण निघाले, शेजारी शेजारी, गप्पा मारत, ओढ्याच्या वाटेने.

तर मंडळी, कधी त्या बाजूला सायकलवरून गेलात, तर त्या कंडक्टरची आठवण ठेवा. पाटीवरचा बाण आता बरोबर आहे, वाट तुम्हाला ठाऊक असेल. तरीही एक पाय टेका, आणि त्याला विचारा.